भुईकोटाला कारंजं नको, सांगणारं माणूस द्या

आपल्याकडं एखाद्या जुन्या जागेचं काही करायचं ठरलं की कामं ठरलेलीच असतात. पेव्हर ब्लॉक, रंगीत लाइट, कारंजं, आणि हल्ली त्यात गावाच्या नावाची मोठी चमकणारी अक्षरं. उद्घाटन होतं, पेपरात फोटो येतो, आणि दोन पावसाळे गेले की कारंज्याची मोटर बंद आणि टाकीत पालापाचोळा. मी हे सोलापूरच्या माणसांसाठीच लिहितेय त्यामुळं जास्त न फिरवता सांगते. पार्क चौक, चार पुतळे, हुतात्मा बाग, भुईकोट किल्ला, होम मैदान, सिद्धेश्वर तलाव असा जो सलग पट्टा आपल्याला भर शहरात मिळालाय, त्यात आता आणखी काही बांधू नका. तिथं गाइडसोबतची सायकल टूर सुरू करा. सकाळची, ठरलेल्या वेळेची, ठरलेल्या थांब्यांची, आणि सोबत नीट शिकलेलं माणूस.

ही कल्पना माझी नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात कितीतरी वर्षं हे चालतं आणि आपल्या सोलापूरचीच, आधी पुण्याला मग अमेरिकेला गेलेली पोरं तिथं हेल्मेट घालून काढलेले फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतात, आपण खाली अंगठा देतो. त्या टूरमध्ये नेमकं काय होतं ते बघा. पार्क ८४३ एकरांचं, त्याच्या आतून गोल फिरणारा रस्ता साधारण १० किलोमीटरचा, सायकली एकाच दिशेनं जातात. गाइड पुढं, आठ-दहा माणसं मागं, दर थोड्या अंतरावर थांबायचं, ऐकायचं, पुढं निघायचं. चालायच्या पायवाटांवर सायकल न्यायची नाही, तिथं उतरायचं, सायकल लावून पायी जाऊन बघायचं आणि परत यायचं. चालत फिरलात तर दमता आणि अर्धंच बघून होतं, गाडीतून गेलात तर काहीच दिसत नाही, सायकलवर दोनेक तासात जागेचा सगळा आकार डोक्यात बसतो. आणि गाइड असल्यामुळं नुसतं "छान आहे, झाडं आहेत" एवढ्यावर माणूस घरी जात नाही.

कारण त्या पार्कात जे दिसतं ते सगळं माणसानं केलेलं आहे आणि हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. तळी खणलेली, टेकड्यांना आकार दिलेला, माती बाहेरून आणलेली, झाडं लावलेली. १८५८ मध्ये ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या दोघांचा आराखडा स्पर्धेत निवडला गेला, आणि त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शहराची आडवी वाहतूक पार्कातून न्यायची होती तर त्यांनी ते चार रस्ते जमिनीच्या पातळीखाली घेतले, म्हणजे वर फिरणाऱ्याला खालच्या गाड्या दिसतही नाहीत. घोडागाड्यांच्या जमान्यात हा विचार केला! मधोमध बेथेस्डा कारंजं आहे, एमा स्टेबिन्स नावाच्या शिल्पकार बाईंनी केलेलं, १८७३ चं. ते कशासाठी? तर १८४२ मध्ये क्रोटन नदीचं स्वच्छ पाणी कालव्यानं शहरात आलं त्याची आठवण म्हणून. चार-चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या आपल्या गावातल्या बाईला हे सांगितलं तर ती त्या कारंज्याकडं वेगळ्या नजरेनं बघेल की नाही? कारंजं बांधायलासुद्धा माझी हरकत नाही, पण मग त्याला सांगण्यासारखी अशी गोष्ट तरी पाहिजे.

आता आपल्याकडं वळू. सिद्धेश्वर तलावसुद्धा निसर्गानं दिलेला नाही, तो खणलेला आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना सोबत घेऊन, श्रमदानातून तो खणवला असं आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलोय. सोन्नलगी म्हणजे आत्ताचं सोलापूर, तिथला हा शिवयोगी कन्नडमध्ये वचनं लिहितो, बसवण्णांच्या काळातला, आणि भक्ती म्हणजे काय तर दुष्काळी मुलखात पाणी साठवणं असं करून दाखवतो. सेंट्रल पार्कातली तळी खणली गेली त्याच्या जवळजवळ सातशे वर्षं आधीची ही गोष्ट आहे. पण तलावाच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलेल्या कॉलेजच्या पोरांना विचारा की हे तळं कुणी, कशासाठी खणलं. निम्मी पोरं सांगतील "देवाचं आहे". पोरांचा दोष नाही, त्यांना तिथं उभं करून कुणी सांगितलेलंच नाही.

मागं पुण्याचे पाहुणे आले होते त्यांना घेऊन मी किल्ल्यात गेले होते. आत शिरलो, बुरूज बघितले, लेकरं पळाली, वरून तलावाचा फोटो काढला, बाहेर. "बघून झालं का?" "हो, छान आहे, जरा मेंटेन करायला पाहिजे." एवढंच. मग तटाच्या सावलीला बसलेले एक आजोबा, गिरणीतून रिटायर झालेले, त्यांनी आपणहून हाक मारली आणि भिंतीतला एक दगड दाखवला. आजूबाजूचे सगळे दगड साधे, ओबडधोबड, आणि त्यांच्यामध्ये एका दगडावर कोरीव पट्टी, पण आडवी जायला पाहिजे ती उभी. म्हणजे तो दगड आधी कुठल्यातरी देवळाचा होता, नंतर तटात बसवला, बसवणाऱ्यानं नक्षीची दिशा बघितली नाही, माप बघितलं. आजोबांनी त्यावर बोट फिरवून दाखवलं तसं पाहुण्यांच्या पोरानंही फिरवलं, आणि मग तो पोरगा पुढचा अर्धा तास भिंतीवर असेच दगड शोधत फिरला, त्याला एकेक सापडत गेला की ओरडायचा. त्याच्यासाठी तोच किल्ला होता जो तासाभरापूर्वी "बघून झालं" होता. आजोबा रोज तिथं नसतात, आणि असले तरी प्रत्येकाला हाक मारणार नाहीत. मला जे पाहिजे ते एवढंच आहे, त्या आजोबांसारखं कुणीतरी तिथं रोज सकाळी असावं, आणि त्याला त्याचे पैसे मिळावेत.

सांगण्यासारखं किती आहे ते तर बघा. दुहेरी तटबंदी, भोवती खंदक आणि पूर्वेला तलावच, म्हणजे संरक्षणाची निम्मी सोय पाण्यानंच केली. बहामनी काळातला किल्ला. पुढं आदिलशाही आणि निजामशाही ह्याच्यावरून भांडत राहिल्या, आणि चांदबिबीच्या लग्नात सोलापूरचा किल्ला निजामशाहीनं आदिलशाहीला आंदण दिला, म्हणजे आपलं गाव एका लग्नाच्या देण्याघेण्यात गेलेलं आहे. मे १८१८ मध्ये पेशव्यांची इथली फौज मन्रोच्या इंग्रज फौजेपुढं हरली आणि किल्ला पडला. आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर चार पुतळे. मे १९३० ला गांधीजींच्या अटकेची बातमी आल्यावर गाव पेटलं, गिरणी कामगार रस्त्यावर आले, सरकारनं मार्शल लॉ लावला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. ही चार नावं एका दमात म्हणून बघा, त्यात सगळं सोलापूर आलं. आपण रोज त्या चौकातनं गाडी घालतो, सिग्नल सुटला की हॉर्न मारतो. सायकल घेऊन दहा मिनिटं तिथं थांबून हे ऐकलेली आपल्यातली माणसं किती असतील?

लोक म्हणतात फॉरेनच्या कल्पना इथं चालत नाहीत. अहो पण थांबत थांबत, क्रमानं, सगळ्यांनी मिळून गावाभोवती फिरायचं हे सोलापूरला कुणी शिकवायला पाहिजे का? संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वज म्हणजे मानाच्या उंच काठ्या निघतात, ६८ शिवलिंगांची प्रदक्षिणा होते, प्रत्येक ठिकाणी थांबा, प्रत्येक थांब्याचा विधी, कुठून कुठं जायचं ते ठरलेलं, मानकरी ठरलेले, आणि हे शतकानुशतकं चाललंय. शहराची सगळी हद्द त्या ६८ ठिकाणांनी आखून दिलीय. त्यातली निम्मी ठिकाणं मला स्वतःला मोठी झाल्यावर समजली. सायकल टूरला मी नंदीध्वजाची बरोबरी देत नाही, तो श्रद्धेचा भाग आहे आणि त्याचा मान वेगळा. मी एवढंच म्हणतेय की फिरत फिरत गाव समजून घ्यायची सवय ह्या मातीत आहे.

आणि सायकल तर आपलीच. गिरण्यांच्या काळात भोंगा झाला की रस्ताभर सायकली दिसायच्या असं घरची मोठी माणसं सांगतात, १८७७ ला सुरू झालेली जुनी मिल काय, नंतरच्या लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी काय, कामगार सायकलवरच जायचा. पेठेपेठेत तासावर भाड्यानं सायकल मिळायची, आमची पिढी त्या भाड्याच्या सायकलवरच पडत-उठत शिकली. गिरण्या बंद झाल्या आणि सायकल गरिबीची खूण होऊन बसली, आता पोरगं दहावी झालं की गाडी पाहिजे. गाव बऱ्यापैकी सपाट आहे, सेंट्रल पार्कात उत्तरेच्या टोकाला चढ आहे म्हणून कित्येक टूर तिकडं जातच नाहीत, आपल्याकडं तेवढासुद्धा चढ नाही. सायकलला ह्यापेक्षा सोयीचं गाव शोधून सापडायचं नाही.

उन्हाचं म्हणाल तर मान्य. एप्रिल-मेमध्ये दुपारी ४३-४४ डिग्रीत कुणी सायकल चालवणार नाही आणि चालवूही नये. पण सकाळी साडेसहाला, अगदी उन्हाळ्यातसुद्धा, तलावाकाठी हवा चांगली असते, मॉर्निंग वॉकवाल्यांना विचारा. मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळीच पोचते. त्यातनं उतरलेले निम्मे लोक अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूरच्या वाटेवर असतात, ते स्टेशनवरनं थेट एसटी स्टँड गाठतात, सोलापूर त्यांच्यासाठी गाडी बदलायचं ठिकाण. त्यातले थोडे जरी दोन तास थांबले, सायकलवर फिरले, मग शेंगा चटणी, कडक भाकरी आणि एखादी चादर घेऊन पुढं गेले तर पैसा इथंच राहतो. त्यासाठी मोठं हॉटेल लागत नाही, एक वेळापत्रक लागतं.

बांधकाम नको म्हणते त्याला कायद्याचंही कारण आहे, नुसती माझी आवड नाही. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं संरक्षित आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते, २०१० च्या दुरुस्तीपासून हे स्पष्ट आहे. म्हणजे तुम्ही फूड कोर्ट, म्युझिकल कारंजं, झिपलाइन असलं काही आणायला गेलात की फाइल अडकणार, आणि अडकलीच पाहिजे. सायकल टूरला काय बांधावं लागतं? काहीच नाही. सायकली लावायला उचलून नेता येईल असा स्टँड, पंक्चरचं सामान, पाण्याचा जार. किल्ल्याच्या आत सायकल न्यायची नाही, दरवाजाबाहेर लावायची, आत पायी. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपण नवव्या नंबरवर आलो तेव्हा सगळ्यांना आनंद झाला होता, मलाही झाला. त्या मिशनमध्ये वस्तू उभ्या करायला निधी होता. उभं केल्यावर तिथं रोज माणूस कोण ठेवणार, त्याचा पगार कुठल्या हेडखाली टाकणार, ह्याचं उत्तर कुठल्याच शहराकडं नीट नव्हतं. मिशन मार्च २०२५ ला संपलं, आता तरी पगाराचा विचार करा.

मला खरी काळजी वाटते ती गाइड काय सांगेल ह्याची, आणि ह्यावर थोडं जास्त बोलते. किल्ल्यात देवळाचे अवशेष आहेत, मशिदीच्या खुणा आहेत, एकाच भिंतीत वेगवेगळ्या काळाचे दगड आहेत. अशा जागी अर्धवट माहितीचा आणि तोंडाचा तिखट गाइड काय करू शकतो ते आपण व्हॉट्सॲपवर रोज बघतोच. दहा माणसं घेऊन तो एका भिंतीसमोर उभा राहतो, आवाज चढवतो, कुणीतरी व्हिडिओ काढतं, संध्याकाळपर्यंत गावात तणाव. म्हणून गाइड कुणीही नको. विद्यापीठाच्या इतिहास विभागानं आणि पुरातत्त्वच्या माणसांनी मिळून मजकूर तयार करावा, जे माहीत आहे ते सांगावं, दंतकथा असेल तर "असं म्हणतात" म्हणून सांगावी, आणि परीक्षा घेऊन बिल्ला द्यावा. मजकूर गुळगुळीत करून टाका असंही मी म्हणत नाही. देवळाचा दगड तटात आहे तर आहे म्हणून सांगा. कुर्बान हुसेनांचं नाव चार पुतळ्यांपाशी ठणकावून सांगा, ते पेपर चालवायचे हेही सांगा. दोन्ही गोष्टी एकाच फेरीत, एकाच माणसाच्या तोंडून ऐकल्या की ऐकणारा जास्त शहाणा होऊन घरी जातो असा माझा विश्वास आहे.

सेंट्रल पार्कातही एक गोष्ट कितीतरी वर्षं सांगितली जात नव्हती. पार्क व्हायच्या आधी त्याच्या पश्चिम बाजूला सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती, सव्वादोनशेच्या आसपास माणसं, बहुतेक कृष्णवर्णीय, कित्येकांची जमीन स्वतःच्या मालकीची, चर्च होतं, शाळा होती. १८५७ पर्यंत सगळ्यांना उठवलं आणि वस्ती पाडली. पुढं शंभर-सव्वाशे वर्षं त्या हिरवळीवर लोक चटया टाकून जेवत राहिले, खाली कुणाची घरं होती हे बहुतेकांना माहीतच नाही. नंतर अभ्यासकांनी शोध लावला, २०११ मध्ये उत्खनन झालं, घरांचे पाये, भांडी सापडली, आता तिथं माहितीचे फलक आहेत आणि चांगले गाइड तिथं थांबतात. ह्यातनं आपण काय घ्यायचं तर जागा सुंदर करताना कुणाला उठवतोय ते आधी बघायचं. आपल्या होम मैदानाच्या आणि पार्क चौकाच्या कडेला भेळ, शेंगा, उसाचा रस, मक्याची कणसं विकणारी माणसं आहेत. सायकल टूर येणार म्हणून ती हटवायची असतील तर मला ती टूर नको. उलट शेवटचा थांबा त्यांच्या गाड्यांपाशी ठेवा. हे मी आधीच लिहून ठेवतेय, कारण आपल्याकडं सुशोभीकरण सुरू झालं की पहिला जेसीबी हातगाडीवरच येतो.

बायकांचं काय, हा प्रश्न मला मैत्रिणींनी विचारला. कितीजणींनी लग्नानंतर सायकलला हात लावलेला नाही, साडीत कशी चालवणार, लोक बघतील, पडले तर. ह्याला उत्तर आहे. दोघांची जोडसायकल ठेवा, ज्यांना चालवता येत नाही, ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मागं बसायची तीनचाकी ठेवा, आणि आठवड्यातली एक फेरी फक्त बायकांची, गाइडही बाईच. पूर्व भागातल्या, आयुष्यभर घरात बसून विड्या वळलेल्या बायका किल्ल्याच्या भिंतीपासून दोन-तीन किलोमीटरवर राहतात आणि आत कधी गेलेल्या नसतात. त्यांच्याशी तेलुगूतून बोलणारी पोरगी गाइड म्हणून मिळाली तर त्या येतील, मला खात्री आहे. सोलापूरची टूर नुसत्या मराठीत झाली तर ती सोलापूरची होणारच नाही, कन्नड पाहिजे, तेलुगू पाहिजे, उर्दू पाहिजे. महापालिका चारही भाषांतल्या शाळा चालवते, त्याच शाळांतनं बाहेर पडलेली पोरं-पोरी गाइडसाठी घ्या. आणि त्या शाळांतल्या मुलांना फेरी फुकट, बाहेरच्या पर्यटकाकडनं तिकीट घ्या.

राहता राहिला ट्रॅफिकचा प्रश्न. न्यूयॉर्कनं पार्कातल्या गाड्या एका रात्रीत बंद केल्या नाहीत. १९६० च्या दशकात आधी शनिवार-रविवार, मग हळूहळू तास वाढवत वाढवत, आणि शेवटी २०१८ च्या जूनमध्ये कायमच्या बंद, पन्नास वर्षं लागली. मधल्या काळात १९७० च्या सुमाराला पार्कची अवस्था इतकी वाईट झाली होती की लोक आत जायला भ्यायचे, मग १९८० मध्ये नागरिकांची संस्था उभी राहिली आणि तिनं महापालिकेसोबत देखभाल हातात घेतली. आपण पन्नास वर्षं मागत नाही आणि कायमचंही मागत नाही. फक्त रविवार, सकाळी सहा ते नऊ, पार्क चौकातनं होम मैदानाच्या कडेनं सिद्धेश्वर मंदिराकडं जाणारा रस्ता खासगी गाड्यांना बंद. मंदिरात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची रिक्षा सोडायची, अँब्युलन्स सोडायची. सोमवारी नको कारण सोमवारी दर्शनाची गर्दी, आणि यात्रेच्या दिवसात तर अजिबात नको, तेव्हा ती सगळी जागा देवाची. चालणाऱ्यांच्या ट्रॅकवर सायकल न्यायची नाही हा नियम पहिल्या दिवसापासून, नाहीतर वॉकवाले आणि सायकलवाले भांडत बसतील.

सुरुवातीला वीस सायकली, दोन तीनचाकी, सहा गाइड एवढं पुरे. गाइडना दर फेरीला कमिशन देऊ नका, महिन्याचा पगार द्या, म्हणजे पावसात फेरी झाली नाही तरी ती पोरं टिकतील. पहिली बॅच गड्डा संपल्यावर, फेब्रुवारीत घ्या, हवा चांगली असते आणि कॉलेजच्या परीक्षा लांब असतात. आणि त्या बॅचच्या ट्रेनिंगला जुन्या गिरण्यांमधले जे आजोबा-आजी अजून आहेत त्यांना बोलवा, मानधन देऊन बोलवा, पोरांनी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवावं. हे काम तेवढं पुढच्या वर्षावर टाकू नका.